तक्रार पत्र: कॅनिस्टर फिल्टरचा तुटलेला शाफ्ट आणि मीडिया (फिल्टरमधले स्पंज व सिरॅमिक रिंग) नळाखाली धुण्याची चुकीची सूचना

गिरगाव, मुंबई 400 004
दि. 9 जून 2025

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

विषय: वॉरंटीतील फिल्टर बंद पडणे, सुटा भाग नाकारणे आणि तुमच्या सूचनेमुळे झालेले नुकसान

महोदय,

माशांच्या टाकीसाठी तुमच्या कंपनीचा ताशी 1000 लिटरचा कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा, बंद डब्याचा) मी 11 जानेवारी 2025 रोजी क्रॉफर्ड मार्केटमधल्या दुकानातून 6,850 रुपयांना घेतला. एक वर्षाची वॉरंटी आहे. पावती आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड, दोन्हींच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. फिल्टर पाचव्या महिन्यात बिघडला. पण केवळ त्यासाठी मी एवढं लांब पत्र लिहिलं नसतं. यंत्र आहे, बिघडू शकतं. बिघाड सांगितल्यावर तुमच्या माणसांनी मला जे करायला लावलं, त्याबद्दल हे पत्र आहे.

आमची टाकी 3 फूट लांब, 1 फूट रुंद, दीड फूट उंच आहे. त्यात चार गोल्डफिश होते, सर्वांत मोठा सात वर्षांचा. आम्ही गिरगावातली माणसं, लहानपणी तारापोरवाला मत्स्यालयापर्यंत चालत जायचो. तेव्हापासूनची ही आवड. मासे पाळायला मला बावीस वर्षं झाली. पूर्वी साधा स्पंज फिल्टर होता. गोल्डफिश घाण फार करतात म्हणून तुमचा मोठा फिल्टर घेतला.

रविवारी, 18 मे रोजी सकाळी फिल्टरमधून घरघर येऊ लागली आणि पाण्याची धार करंगळीएवढी बारीक झाली. प्लग काढून मी एकेक गोष्ट तपासली. नळ्या कुठे दुमडल्या नव्हत्या. आत ओढणाऱ्या नळीची जाळी साफ होती. हवा अडकली असेल म्हणून कॅनिस्टर पाण्याने पूर्ण भरला, सुरू करून थोडा तिरका करून हलवला. चार बुडबुडे आले, आवाज तसाच. मग मोटरचं डोकं उलटं करून इम्पेलरचं, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या चुंबकी चक्राचं, झाकण काढलं. ते चक्र ज्यावर फिरतं तो सिरॅमिकचा शाफ्ट (बारीक दांडी) मधोमध तुटलेला होता आणि चुंबक खोबणीच्या भिंतीला घासत होता. शाफ्टच्या दोन्ही टोकांना तो धरून ठेवणारे रबरी बुश असायला हवेत असं तुमच्याच पुस्तिकेतल्या चित्रात दिसतं. मला एकच सापडला. दुसऱ्याचा तुकडाही खोबणीत, झाकणात, कॅनिस्टरच्या तळाशी कुठेच नव्हता. झाकण त्याआधी मी कधी उघडलं नव्हतं. त्यामुळे तो बुश कारखान्यातूनच बसवलेला नसावा, शाफ्ट एका बाजूने डुगडुगत राहिला आणि शेवटी तुटला, असं माझं मत आहे. टाकीत वाळू नाही, जाड खडी आहे, आणि फिल्टर एकदाही कोरडा चालवलेला नाही.

सोमवारी सकाळी तुमच्या ग्राहक सेवेला फोन केला. शाफ्ट तुटल्याचं अगदी पहिल्या वाक्यात सांगितलं. पलीकडून उत्तर आलं की आधी फिल्टर पूर्ण उघडा, स्पंज आणि सिरॅमिक रिंग सगळं वाहत्या नळाखाली स्वच्छ धुवा आणि धुतलेल्या मीडियाचा फोटो पाठवा, तरच तक्रार नोंदवता येईल. मी विचारलं, टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात खळबळून घेतलं तर चालेल का? ते म्हणाले, पुस्तिकेत लिहिलंय तसंच करा, नाहीतर वॉरंटीत बसणार नाही. पुस्तिकेच्या पान 6 वर खरोखरच तसं लिहिलं आहे: सर्व मीडिया महिन्यातून एकदा वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धुवावा.

हे चूक आहे, आणि मत्स्यालयाचं सामान बनवणाऱ्या कंपनीला ते ठाऊक असायला हवं. माशांच्या विष्ठेतून आणि श्वासातून पाण्यात अमोनिया येतो. स्पंज आणि रिंगांवर वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात. ही वस्ती नव्या टाकीत बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. महापालिकेच्या नळाला क्लोरीन मिसळलेलं पाणी येतं, आणि क्लोरीन जंतू मारण्यासाठीच घातलेलं असतं. आमच्याकडे पहाटे पाणी येतं. माशांसाठीचं पाणी मी पिंपात एक दिवस ठेवून मगच वापरते, ते याच कारणासाठी. तुमचा फिल्टर सुरू होता तेव्हा सगळा मीडिया एकाच वेळी मी कधीही धुतला नव्हता.

तरीही मंगळवारी पहाटे वॉरंटीच्या भीतीने मी तो धुतला. ब्रश घेऊन, नळाखाली, वीस मिनिटं. माझ्या मनाला पटत नव्हतं आणि तरी मी केलं, याचं मला फार वाईट वाटतं. ज्या मीडियात काही दोष नव्हता तो धुवायला लावला आणि शाफ्ट तुटलेला तो तुटलेलाच राहिला.

बुधवारी पाणी दुधासारखं पांढरट झालं. मे महिन्यात आमच्या खोलीत टाकीचं पाणी 30 अंशांच्या वर जातं. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे 9 मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो, 30 अंशांना साडेसातच. त्यात गरम पाण्यात अमोनिया जास्त घातक होतो. मासे वर येऊन तोंड उघडून हवा घेऊ लागले. टेस्ट किट आणून पाहिलं तर अमोनिया 2 पीपीएम, म्हणजे लिटरमागे 2 मिलिग्रॅम. तो शून्य असायला हवा. एअर पंप लावला, खाणं बंद केलं, रोज तिसरा हिस्सा पाणी बदललं. 23 मे रोजी एक मासा गेला आणि 25 ला सात वर्षांचा मोठा. तो माझ्या हातून दाणे खायचा.

उरलेले दोघे वाचले ते शेजारच्या मुलामुळे. त्याने आपल्या टाकीतला चालता स्पंज फिल्टर, जिवाणूंसकट, आम्हाला दिला. तो अजूनही आमच्याच टाकीत आहे आणि अमोनिया आता शून्यावर आला आहे.

या सगळ्यात 22 मे रोजी तुमचा ईमेल आला: शाफ्ट झिजणारा भाग असल्याने वॉरंटीत नाही, तो सुटा मिळत नाही, 3,400 रुपयांचं मोटरचं पूर्ण डोकं घ्यावं. वॉरंटी कार्ड मी दोनदा वाचलं. त्यात फक्त रबरी सील आणि नळ्या वगळल्या आहेत. शाफ्ट किंवा इम्पेलरचा उल्लेख नाही. आणि पाच महिन्यांत मधोमध तुटलेल्या सिरॅमिकला झिजलेलं कसं म्हणणार? मोटरची कॉइल चांगली आहे. बोटभर लांबीच्या शाफ्टसाठी चालती मोटर फेकून द्यायची, हे मला मान्य नाही.

माझी मागणी अशी आहे की इम्पेलर, शाफ्ट आणि दोन्ही बुश वॉरंटीत विनामूल्य पाठवावेत. ते शक्य नसेल तर 6,850 रुपये परत करावेत. दोन माशांची आणि टेस्ट किटची किंमत 1,900 रुपये होते, तीही द्यावी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पान 6 वरची सूचना बदला. मीडिया टाकीच्या काढलेल्या पाण्यात, अर्धा आज आणि अर्धा दोन-तीन आठवड्यांनी, हलकेच खळबळावा, असं स्पष्ट लिहा, मराठीतही लिहा, आणि फोनवर बसणाऱ्या तुमच्या माणसांना ते समजावून सांगा. धुतलेल्या मीडियाचा फोटो मागणं तर आजच थांबवा. तुमचा फिल्टर घेणारा नवखा माणूस हीच सूचना दर महिन्याला पाळत असेल आणि मासे का मरतात हे त्याला कळतही नसेल.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 84 मध्ये वस्तूसोबत योग्य वापराच्या पुरेशा सूचना नसतील तर त्याची जबाबदारी उत्पादकावर ठेवली आहे. या पत्राला 15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 वर, तक्रार नोंदवेन आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

तुटलेला शाफ्ट आणि सापडलेला एक बुश मी डबीत जपून ठेवले आहेत. तपासायला माणूस पाठवणार असाल तर संध्याकाळी सहानंतर पाठवा.

आपली,
एक ग्राहक

सोबत: पावती व वॉरंटी कार्डाची प्रत, पान 6 चा फोटो, तुटलेल्या शाफ्टचे फोटो, 22 मे चा ईमेल