सावली मोजणाऱ्या पोरीला बक्षीस का नाही?

संपादक साहेब, नमस्कार.

फेब्रुवारीत आमच्या जुन्नर तालुक्यात शाळाशाळांतून विज्ञान प्रदर्शनं लागतात. यंदा एका शाळेने मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं, सोबत आणखी दोघं होते. हात जवळ नेला की उघडणारी कचरापेटी, मोबाईलवरून सुरू होणारा शेतीपंप, ड्रोन, अशी वीसेक मॉडेल्स. पोरांची मेहनत दिसत होती, त्यांना मी अजिबात नावं ठेवत नाही. पण कोपऱ्यात आठवीतली एक मुलगी नुसती काठी आणि वही घेऊन उभी होती. अंगणात काठी रोवून दिवाळीपासून दर रविवारी तिने दुपारची सावली मोजलेली, आणि तिला दिसलं काय तर सावली २२ डिसेंबरच्या आसपास सगळ्यात लांब होऊन मग परत आखडायला लागते, आणि दिवसातली सगळ्यात आखूड सावली घड्याळात बारा वाजता पडतच नाही, दिवाळीत बारा वीसला पडायची ती जानेवारी संपता संपता पावणेएकपर्यंत सरकली. "सर, घड्याळ चुकतंय का सूर्य?" असं तिने विचारलं.

आमच्यातल्या एका परीक्षकांनी तिला विचारलं, "पण याचा उपयोग काय?" पोरगी गप्प झाली. बक्षीस कचरापेटीला गेलं.

मला तेव्हाच बोलायला हवं होतं, म्हणून आता लिहितोय. घड्याळ हे तंत्रज्ञान आहे, सगळ्या देशाच्या रेल्वे, ऑफिसं एका वेळेवर चालावीत म्हणून आपण मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताची वेळ धरली, आणि आपण पडलो ७४ अंशाच्या आसपास, म्हणजे सूर्य आपल्या डोक्याशी यायला साधारण ३४ मिनिटं उशीर. त्याशिवाय बारा वीसपासून पावणेएकपर्यंत वेळ सरकण्याचा जो फरक तिला दिसला तो पृथ्वीचा अक्ष कललेला आहे आणि तिची कक्षा पूर्ण गोल नाही म्हणून. हे असं का, हे शोधणं म्हणजे विज्ञान. दोन्ही लागतात, पण आपण तंत्रज्ञानालाच विज्ञान म्हणायला लागलोय आणि मग ज्याचा उपयोग लगेच दाखवता येत नाही तो प्रश्नच बाद होतो.

आणि हे आमच्या तालुक्यात व्हावं याचं जास्त वाईट वाटतं, कारण खोडद आणि आसपासच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश उभ्या आहेत. ती उभारणारे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांना आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकायच्या होत्या, विश्वाच्या सुरुवातीच्या काळातला हायड्रोजन शोधायचा होता. प्रश्न तो होता. मग एवढ्या मोठ्या डिश परवडणार कशा, तर पत्र्याऐवजी बारीक स्टीलच्या तारांची जाळी लावली, वारा आरपार जातो, वजन कमी, खर्चही कमी. प्रश्नापोटी तंत्रज्ञान जन्माला आलं ते असं. उलटंही होतं म्हणा, वाफेचं इंजिन आधी आलं आणि उष्णतेचं शास्त्र मागून. पण १९१५ साली आइन्स्टाइनने सापेक्षतेचा व्यापक सिद्धांत मांडला तेव्हा त्याला कुणी उपयोग विचारला असता तर तो काय सांगणार होता? आज सापेक्षतेमुळेच जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळापेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात, ती दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात मॅप कित्येक किलोमीटर चुकेल.

मोबाईल तर आता घराघरात आहे, पण ग्रहणात अन्न विषारी होतं असले मेसेज त्याच मोबाईलवरून फिरतात. ती मुलगी मात्र स्वतः काठी रोवून बघते.

प्रदर्शन भरवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे, पुढच्या वर्षी मॉडेलच्या शेजारी वहीलाही मार्क ठेवा. त्या मुलीचं मोजणं अजून चालू आहे. मे महिन्याच्या मध्यावर एका दुपारी आपल्याकडे काठीची सावली नाहीशी होते, तो दिवस तिला पकडायचाय, आणि मी त्या दिवशी तिच्या अंगणात जाणार आहे.

– एक निवृत्त शिक्षक, ता. जुन्नर