नक्षीचे छापील कागद

न्यूर्नबर्ग, जर्मनी

तीर्थरूप आबांस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

जुन्या काळी इथले सोनार नक्षी कुठून घेत, असे तुम्ही विचारले होते. सोळाव्या शतकात ती छापील कागदावर विकतही मिळे. तांब्याच्या पत्र्यावर कोरणीने रेषा खोदायच्या, त्यांत शाई भरून वरचा भाग पुसून काढायचा आणि ओलसर कागदावर दाबाने छाप उठवायचा. यातले खोदकाम तर सोनाराच्या हातचेच होते.

इथल्या संग्रहालयात मी झोस्ट गावच्या हाइनरिश आल्डेग्रेव्हरच्या छापांपाशी बराच वेळ थांबले. गावाने ल्यूथरचा पंथ स्वीकारल्यानंतर चर्चमधल्या चित्रांची कामे घटली आणि हा चित्रकार छापांकडे अधिक वळला. खंजिराच्या एका म्यानाच्या नक्षीत त्याने वर नग्न जोडपे बसवले आहे आणि खाली पाने इतकी दाट गुंतवली आहेत की, देठ शोधायला भिंग लागते. त्यातही मोठ्या ‘ए’च्या पायांत छोटा ‘जी’ अशी स्वतःची खूण आहे. ड्यूरर या नामांकित जर्मन चित्रकाराच्या प्रसिद्ध खुणेची (‘ए’च्या पायांत ‘डी’) ती उघड नक्कल आहे. म्यान दुसराच कोणी घडवील, पण नक्षी माझी, असा दावा त्यात मला दिसतो, आणि कारागिराने असा दावा करणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

कोणी काय ल्यावे हे तेव्हा कायदा ठरवी. 1530 साली आउग्सबुर्गच्या शाही सभेने काढलेल्या फर्मानात दर्जानुसार पोशाख आणि दागिने नेमून दिले होते. शेतकऱ्याला सोने, मोती, रेशीम वर्ज्य होते. कागदाला मात्र अशी बंदी नव्हती. म्हणून हे छाप गोरगरिबांच्या घरी पोहोचले असे समजू नये. ते घेणारे बहुधा शिकलेले, खाऊनपिऊन सुखी नागरिक असत, आणि खंजिराची सोन्याची मूठ न परवडणाऱ्यालाही तिची नक्षी जवळ बाळगून आपली जाण मिरवता येई. सगळेच छाप कामासाठी घेतले जात नसत, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. आज स्वच्छ उरलेले कागद बहुधा संग्राहकांनी जपलेले आहेत. कारखान्यात राबलेले पुष्कळसे वापरातच संपले असणार. त्यामुळे उरलेल्या कागदांवरून सोनारांविषयी फार ठाम बोलणाऱ्यांवर मी जरा कमीच विश्वास ठेवते.

त्या म्यानाचे छायाचित्र सोबत पाठवत आहे. इतकी दाट पानवेल हुपरीच्या चांदीकामात ठशावर उतरेल, की हातानेच खोदावी लागेल, ते कळवावे. आईस नमस्कार.

तुमची मुलगी