ते काश्मीर नव्हे, आमची बाग आहे

महोदय,

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. लग्न होऊन भांडुपला आले त्याला सव्वीस वर्षं झाली. यंदा पाडव्याच्या चार दिवस आधी भरदुपारी भाच्याने घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. अंगण, ओसरीच्या पायऱ्या, द्राक्षबागेतल्या ओळींमधली वाट, सगळं गारांनी पांढरंशुभ्र. पत्र्यावर ताडताड आवाज आणि त्यातूनच वहिनी ओरडतेय, "वासरू आत घ्या रे!"

संध्याकाळी तोच व्हिडिओ फिरत फिरत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला. वहिनीचा आवाज काढून टाकलेला, त्यावर गाणं लावलेलं आणि खाली ओळ, 'नाशिकमध्ये अवतरलं काश्मीर'. शेजारणी कौतुकाने मला दाखवायला आल्या. त्यांचा दोष नाही, मुंबईत गारा पाहायला मिळतात कधी? पण दुसऱ्या दिवशी आपल्या दैनिकातही अशाच एका छायाचित्राखाली जवळपास तेच शब्द वाचले आणि राहवलं नाही.

भाच्याने तो व्हिडिओ हौसेने काढलेला नव्हता. गारा बघता बघता विरघळतात. तलाठी आणि कृषी सहायक पंचनाम्याला येतात तोवर अंगणात नुसता चिखल उरतो. म्हणून माणूस आधी मोबाइल काढतो, मग रडतो. नुकसान 33 टक्क्यांच्या वर दिसलं तरच सरकारी मदत मिळते (2015 पूर्वी ही अट 50 टक्क्यांची होती). ज्याला इथे आपण निसर्गाचं देखणं रूप म्हणतो, तो तिथे पुरावा असतो.

बर्फ भुरभुरत उतरतो, गार आदळते. तापलेल्या हवेचा झोत थेंबाला ढगात उंच नेतो, तिथे तो गोठतो आणि त्याच्यावर थरावर थर चढत जातात. लहानपणी दादाने मला एक मोठी गार विळीवर चिरून दाखवली होती, आत कांद्यासारखे पदर होते. यंदा आमच्या बागेवर अशा गारा वीस मिनिटं पडल्या. काढणीला आलेल्या घडांतले मणी तडकले, रस गळाला आणि दोन दिवसांत बागेला आंबूस वास सुटला. वेलीच्या ओलांड्यांवर, म्हणजे आडव्या फांद्यांवर, जखमा झाल्या, त्या पुढच्या हंगामातही त्रास देणार. शेजारच्या वावरात उन्हाळ कांदा उभा होता. पात मोडली की मानेतून पाणी आत शिरतं. असा कांदा साठवणीच्या कांदाचाळीत भरला तर तो सडतो आणि लगतचेही सडवतो. दादा फोनवर एवढंच म्हणाला, "ताई, औंदा पोरीचं लग्न पुढं ढकलू."

13 मे 2024 ची दुपार मुंबईकर विसरलेले नाहीत. धुळीचे लोट उठले आणि घाटकोपरला होर्डिंग कोसळून 17 माणसं गेली. त्या धुळीच्या छायाचित्राखाली 'मुंबईत अवतरलं वाळवंट' असं कुणी छापलं असतं तर आपल्याला सोसलं असतं का? आणि खुद्द काश्मीरमध्ये नोव्हेंबर 2019 मध्ये अवेळी बर्फ पडला तेव्हा सफरचंदाची फळांनी लगडलेली झाडं मोडली होती. तिथल्या बागायतदारालाही हे शब्द लागतील.

माझी विनंती साधी आहे. गारपिटीचं छायाचित्र जरूर छापा, मोठं छापा. त्याखाली गावाचं नाव, गारा किती वेळ पडल्या आणि शेतात कोणतं पीक उभं होतं, एवढं लिहा. आणि पंधरा दिवसांनी त्याच गावात बातमीदार पाठवून पंचनाम्याचं काय झालं तेही छापा. ती बातमी मी सोसायटीच्या ग्रुपवर स्वतः टाकीन.

आपली नियमित वाचक,
भांडुप, मुंबई