छोटूचा थ्रो आणि अंपायरचा मास्क

न्यू जर्सी, रविवार

तीर्थरूप बाबा आणि आईस साष्टांग नमस्कार.

तिकडे खूप तापलंय असं दादा सांगत होता. कूलरची खस बदलली का? आणि बाबा, दुपारी उघड्या डोक्यानं रेशीमबागेच्या मैदानावर अंपायरिंगला जाऊ नका.

कालच्या छोटूच्या मॅचचं तुम्हाला सांगायचंच आहे. तो बेसबॉलमध्ये कॅचर आहे, म्हणजे आपला विकेटकीपरच. फक्त इथे मुख्य अंपायर कॅचरच्या पाठीमागेच वाकून उभा असतो. समोरच्या टीमचं एक पोट्टं पहिल्या बेसवरून दुसऱ्या बेसकडे पळालं. बेस म्हणजे चौकोनाच्या कोपऱ्यांवरचे थांबे. मुलांच्या मैदानात दोन बेसमध्ये 60 फूट अंतर, पण कॅचरला दुसऱ्या बेसवर तिरकं फेकावं लागतं, जवळपास 85 फूट. आपली अख्खी पिच 66 फुटांची! छोटूनं जोर लावायला हात मागे नेला तो खाडकन अंपायरच्या मास्कवर आदळला. चेंडू भलतीकडेच गेला आणि ते पोट्टं थेट तिसऱ्या बेसवर. छोटू बोटं चोळत, मान खाली घालून उभा. मला वाटलं, आता रडतो.

अंपायरनं खेळ थांबवून त्या मुलाला पहिल्या बेसवर परत पाठवलं. त्यांचा कोच तणतणत आला. अंपायर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मी आडवा आलो. चूक माझी आहे."

नियमच तसा आहे. कॅचरच्या थ्रोमध्ये अंपायर आडवा आला तर पळणाऱ्यानं मागे जायचं. त्याच थ्रोवर तो आउट झाला तर मात्र आउटच. मला हे ठाऊक नव्हतं. क्रिकेटमध्ये चेंडू अंपायरला लागला तरी खेळ चालूच राहतो, हे तुम्हीच शिकवलेलं डोक्यात.

इनिंग संपल्यावर अंपायरनं दोन्ही टीमच्या कॅचरना बोलावलं. गुडघ्यावर बसून आधी छोटूची बोटं पाहिली, मग हात मागे न्यायला लावून आपण किती मागे उभं राहायला हवं होतं ते दाखवलं. दुसरा कॅचर चांगला धीट. म्हणाला, "चूक तुमची, मग आमचा मुलगा मागे का?" अंपायर म्हणाला, "थ्रो नीट गेला असता तर तो वाचला असता की नाही, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून ते पळणं धरायचंच नाही." पोरानं विचार करून मान हलवली.

बाबा, मी 11 वर्षांचा असताना तुम्ही अंपायर होतात आणि मला कॉट बिहाइंड दिलं होतं, आठवतं? चेंडू पॅडला घासून गेला होता. रात्री जेवताना तुम्ही हळूच म्हणालात, "बॅट नव्हती लागली रे." मला तेवढ्यानंही खूप बरं वाटलं होतं. पण काल जाणवलं, मला ते मैदानावरच, माझ्या टीमसमोर ऐकायचं होतं. इतक्या वर्षांत बोललो नाही, म्हणून लिहितोय. राग नाही.

छोटूची सूज उतरली आहे. सुट्टीत आलो की त्याला तुमच्यासोबत रेशीमबागेत स्क्वेअर लेगला उभं राहायचंय. त्याच्यासाठी एक पांढरी टोपी बघून ठेवा.

तुमचा,
बाळू