छायाचित्रातली लक्ष्मी कोण?

संपादकांस,
सप्रेम नमस्कार.

राजा रविवर्मा यांच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या चित्रांबरहुकूम वेशभूषा आणि नेपथ्य करून मुलींची छायाचित्रे काढण्याची हौस अलीकडे नवरात्र-दिवाळीच्या सुमारास बरीच दिसू लागली आहे. आमच्या भागातील एका मंडळाने गेल्या वर्षी अशा छायाचित्रांचे छोटे प्रदर्शन भरवले होते. त्यातील लक्ष्मीवर काही भाविकांनी हरकत घेतली, ‘शेजारपाजारच्या पोरीला देवी म्हणून उभी करता आणि वर तिला हार घालता?’ असा वाद झाला, आणि दुसऱ्या दिवशी ते छायाचित्र भिंतीवरून उतरले. अनेक वर्षे शाळेत चित्रकला शिकवल्यामुळे या प्रकरणी दोन्ही बाजूंना काही सांगावेसे वाटते.

हरकत घेणाऱ्यांच्या श्रद्धेविषयी मला आदर आहे. परंतु ज्या मूळ चित्राचे पावित्र्य भंगले असे त्यांना वाटते, त्याचा जन्मही काही वेगळ्या रीतीने झालेला नाही. रविवर्मा जिवंत स्त्रियांना समोर बसवून चित्रे रंगवीत, छायाचित्रांचाही आधार घेत, आणि त्यांच्या चित्ररचनेवर तत्कालीन रंगभूमीची छाप आहे, हे अभ्यासकांनी वारंवार दाखवले आहे. कलासमीक्षक आनंद कुमारस्वामी यांनी तर या नाटकीपणावरच बोट ठेवले होते. 1894 साली मुंबईत घाटकोपर येथे सुरू झालेला आणि पुढे आमच्या लोणावळ्याशेजारी मळवलीला हलवलेला रविवर्म्यांचा शिळाप्रेस, म्हणजे दगडावरून चित्रे छापणारा छापखाना, ही चित्रे छापू लागला आणि देवळाच्या गाभाऱ्यातील देवी सामान्य माणसाच्या भिंतीवर आली. त्याच छापखान्यात काही काळ काम केलेल्या दादासाहेब फाळके यांनी 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. तेव्हा माणसाला देवादिकांच्या वेशात उभे करून त्याचे चित्र घेणे हे आजच्या पोरांचे खूळ आहे असे म्हणता येणार नाही. या परंपरेचा मोठा भाग तर याच परिसरात घडला.

आमच्या आजीच्या देवघरात रविवर्मा प्रेसची लक्ष्मी होती. तिच्या छापील साडीच्या काठावर घरातल्याच कोणीतरी खरी जर आणि टिकल्या चिकटवल्या होत्या, त्यामुळे समईच्या उजेडात लुगडे लकाकत असे आणि चेहरा मात्र कागदाचाच राहत असे. अशी सजवलेली चित्रे त्या काळी पुष्कळ घरांत असत. छापील देवीला खरी जर लावताना आजीला काही वावगे वाटले नाही, आणि तिच्या भक्तीबद्दल शंका घेण्याची आमची कोणाची छाती नव्हती.

आता छायाचित्रकारांविषयी. त्यांचे काम मी जवळून पाहिले आणि मला ते बरेचसे घाईचे वाटले. मूळ चित्रात पाण्यातील कमळावर उभ्या असलेल्या देवीचे मागचे दोन हात कमळे धरतात आणि पुढचे दोन वर-अभय देतात. चारही हात एकाच देहातून आल्यासारखे दिसतात ते खांद्याच्या उतारामुळे. उतरवलेल्या छायाचित्रात हे साधण्यासाठी मागे दुसरी मुलगी उभी केली होती, ही युक्ती उत्तमच. पण तिच्या कोपरांवर उजेड डावीकडून पडला होता आणि पुढच्या मुलीच्या चेहऱ्यावर उजवीकडून. थर्मोकोलच्या हत्तीची सोंड तर दोऱ्याने बांधलेली स्पष्ट दिसत होती. बेंगळुरूच्या कलावती पुष्पमाला एन. यांनी छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासह 2000 ते 2004 या काळात जी छायाचित्रमालिका केली, तिच्यात त्या स्वतःच रविवर्म्यांची लक्ष्मी होऊन उभ्या राहिल्या आहेत. तेथेही रंगवलेले पडदे आणि सोंग कळून येते. फरक एवढाच की ते कळावे असा त्यांचा हेतू आहे, आणि त्यातून ‘आदर्श भारतीय स्त्री’ ही प्रतिमा कोणी, कशी घडवली, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडतो. आपल्याकडच्या हौशी मंडळींनी तसाच प्रश्न विचारावा असा आग्रह नाही, पण दोरा दाखवायचा की लपवायचा हे तरी आधी ठरवावे.

माझी खरी तक्रार मात्र निराळी आहे. प्रदर्शनात छायाचित्राखाली ‘श्री महालक्ष्मी’ एवढेच लिहिले होते, आणि खाली मंडळाच्या पदाधिकाऱ्यांची नावे होती. मूळ चित्र कोणाचे, छायाचित्र कोणी काढले, आणि तीन तास जड शालू नेसून उभे राहिले कोण, यापैकी काहीही नाही. रविवर्म्यांसमोर बसलेल्या स्त्रियांपैकी दोन-चार नावे आज आख्यायिकेसारखी सांगितली जातात, बाकीच्या नुसत्या देव्या होऊन गेल्या. ती चूक आपण का गिरवावी? शिवाय खाली माणसाचे नाव आले, की पाहणाऱ्यालाही ही पूजेची मूर्ती नव्हे, एका चित्राला दिलेली दाद आहे, हे कळते, आणि निम्मा वाद तेथेच मिटण्याचा संभव असतो.

मंडळाने ते छायाचित्र यंदा पुन्हा लावावे. लावताना, हरकत नसल्यास, समोरच्या मुलीच्या नावाशेजारी तिच्या मागे दडून दोन हात देणाऱ्या मुलीचेही नाव लिहावे, एवढी विनंती आपल्या पत्राद्वारे करतो.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, लोणावळा