दुचाकी दुरुस्तीची माहिती खुली करा

इलेक्ट्रॉनिक्समुळे दुचाकींचा टिकाऊपणा घटला, हे आपल्या दैनिकातील लेखात मांडलेले मत अर्धेच पटले. १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुरातील प्रदूषणावर मर्यादा घालणारी बीएस-६ मानके लागू झाल्यावर बहुतेक दुचाकींत कार्बोरेटरच्या जागी सेन्सर व इलेक्ट्रॉनिक्सच्या मदतीने इंजिनाला मोजून पेट्रोल देणारे फ्युएल इंजेक्शन आले आणि थंडीत चोक ओढून किक मारत बसण्याचा त्रास संपला, हे मान्यच करायला हवे. खरी अडचण बिघाडानंतर सुरू होते. कार्बोरेटरचा तुंबलेला जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्राची नळी) गावातला मेकॅनिक रस्त्याकडेला काढून, पेट्रोलने धुऊन, फुंकर मारून पुन्हा बसवत असे. आता कोकणच्या पावसात एखाद्या सेन्सरच्या कनेक्टरची पिन गंजली, तरी बिघाड कुठे आहे ते सांगणारा एरर कोड वाचणारा स्कॅनर हाताशी नसल्याने तोच कसबी माणूस गिऱ्हाइकाला तालुक्याच्या सर्व्हिस सेंटरकडे पाठवतो. केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहनक्षेत्रही घेतले, हे स्वागतार्हच आहे. मात्र वायरिंगचे नकाशे, एरर कोड व वाजवी दरात स्कॅनर स्वतंत्र मेकॅनिकांना पुरवणे कंपन्यांवर कायद्याने बंधनकारक करावे आणि मॉडेल बंद झाल्यावरही किमान दहा वर्षे ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा छोटा संगणक) व सेन्सर सुटे मिळतील, अशी हमी त्यांच्याकडून घ्यावी.

— एक दुचाकीस्वार, चिपळूण