सूचना : तलावांची छायाचित्रे झिप करून पाठवण्याबाबत

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, ठाण्यातील तलावांच्या नोंदीसाठीची छायाचित्रे यापुढे सुटी न पाठवता, प्रत्येक तलावाचा स्वतंत्र फोल्डर करून तो झिप करूनच (म्हणजे त्यातील सर्व फाइली एकाच फाइलीत बांधून) पाठवावा. मागील खेपेस मासुंदा तलावाची चाळीसेक छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅपवर एकेक करून आली. ती तिथे आपोआप लहान झाल्यामुळे काठावरील फलकाची अक्षरे मोठी करून पाहताच नुसते धुरकट ठिपके दिसतात, आणि फाइलींची मूळ नावेही बदलल्याने कोणते छायाचित्र कोणत्या बाजूचे, हे लावण्यात दोन संध्याकाळी गेल्या. भल्या पहाटे जाऊन केलेले काम असे वाया जाऊ नये, ही मनापासूनची विनंती आहे.

जेपीईजी (छायाचित्रांचे नेहमीचे फाइल-स्वरूप) छायाचित्रे मुळातच संक्षेपित, म्हणजे दाबून लहान केलेली, असल्याने झिप केल्यावर त्यांचा आकार फारसा घटत नाही. परंतु ती एकत्र राहतात आणि दर्जा व नावे जशीच्या तशी पोहोचतात, आणि आपल्याला तेच हवे आहे. विंडोजमध्ये त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. रार हे झिपसारखेच दुसरे स्वरूप मात्र टाळावे, कारण ते अनेकांकडे उघडत नाही.

झिप फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावी. जीमेलला जोडायच्या फाइलींची मर्यादा 25 एमबी असल्याने उपवन तलावासारखा मोठा फोल्डर गूगल ड्राइव्हवर ठेवून त्याची लिंक द्यावी. पाठवण्यापूर्वी फाइल एकदा उघडून पाहावी आणि आमच्याकडून पोच मिळेपर्यंत मूळ छायाचित्रे पुसू नयेत.